सुईने घेतलेली मेंदूची बायोप्सी: ऑपरेशन थिएटरमध्येच (ओटीत) स्मिअर करायचा का, आणि किती तुकड्यांचा?

काचपट्टी
मेंदूतल्या खोल गाठीची सुईने बायोप्सी (स्टिरिओटॅक्टिक) होते, तेव्हा लॅबच्या हातात पडणारा तुकडा शेवईच्या तुकड्याएवढा असतो. जाडी एक-दीड मिमी, लांबी फार तर १ सेंमी. असे चार-सहा मिळाले तर नशीब. त्यातलाच कण काढून दोन स्लाइडमध्ये दाबायचा, रंगवायचा, पेशी बघायच्या आणि सर्जन डोक्यात सुई तशीच ठेवून थांबलेला असताना फोनवर सांगायचं. याला कुणी स्मिअर म्हणतं, कुणी स्क्वॅश, कुणी क्रश.

मतं तीन ऐकू येतात. एक, फ्रोझन (तुकडा गोठवून घेतलेला पातळ काप, म्हणजे सेक्शन) असताना स्मिअर कशाला. दोन, स्मिअर असताना फ्रोझन कशाला. तीन, दोन्ही नको, सगळं फॉर्मालिनमध्ये टाका आणि चार दिवस थांबा. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, पण त्याला एक पुस्ती आहे: ओटीतल्या स्मिअरने गाठीचं नाव सांगायला जाऊ नये. सुई योग्य जागी आहे का आणि उरलेला माल कुठे पाठवायचा, एवढंच सांगावं. जाणकारांनी लिहा.

हिमॅटॉक्सिलिन
दुसऱ्या मताला +१. मेंदू हा मऊ अवयव, पाणी भरपूर. सूज असलेला तुकडा क्रायोस्टॅटमध्ये (गोठवून कापायच्या यंत्रात) उणे २०-२५ अंशांवर गोठवला की आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि सेक्शनला जाळीदार घावनासारखी भोकं पडतात. केंद्रकं कोनेदार आणि काळपट दिसायला लागतात. साधी प्रतिक्रिया म्हणून फुगलेली ॲस्ट्रोसाइट (मेंदूतली आधारपेशी) आणि खरा ग्लायोमा (आधारपेशींची गाठ) यांत फरक करायचा तर केंद्रकाचा आकार आणि क्रोमॅटिन (त्यातलं डीएनएचं द्रव्य) नीट दिसायला हवं, आणि गोठवण्यात नेमकं तेच बिघडतं.

यापेक्षा वाईट म्हणजे एकदा गोठवलेला तुकडा वितळवून नंतर पॅराफिनमध्ये (मेणात) घातला तरी ती भोकं जात नाहीत. म्हणजे चारपैकी दोन तुकडे फ्रोझनला दिले, तर अंतिम रिपोर्टसाठीचा निम्मा माल कायमचा खराब.

स्मिअरला लागतो १ मिमीचा कण. टाचणीच्या डोक्याएवढा.

घाटावरचा
मी या क्षेत्रातला नाही, पण धागा रंजक वाटला. एक बाळबोध शंका: दाबून पसरवलं की सगळं एकत्र होऊन चटणी होत नाही का? पेशी कोणाच्या शेजारी होत्या हे कळणार कसं?

टेक्निशियन तात्या
चटणी होते, पण ती हाताची चूक. नीट केलं तर होत नाही. कृती देतो, ज्याला हवी त्याने लिहून घ्या.

तुकडा ओटीतून सलाईनमध्ये तरंगत पाठवायला सांगू नका. पाण्यात पडलेल्या पेशी फुगतात आणि कडा धूसर होतात. कोरड्या गॉजवरही नको. गॉज पाणी शोषतो, तुकडा धाग्यांत अडकतो आणि सोडवताना निम्मा तिथेच राहतो. न चिकटणाऱ्या ड्रेसिंगचा छोटा चौकोन सलाईनने नुसता ओलसर करायचा, त्यावर तुकडा, वर झाकण.

स्लाइडवर नंबर आधीच घालून ठेवायचा, तोही पेन्सिलने, खरखरीत टोकावर. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये निघून जाते आणि मग चार स्लाइड कुठल्या चार तुकड्यांच्या, हे कळत नाही आणि त्यांचं नव्याने बारसं करायची वेळ येते.

दोन बारीक सुयांच्या टोकांनी कण तोडायचा. तुकड्याचा रंग पाहून तोडायचा: करडा, अर्धपारदर्शक, लालसर भाग वेगळा दिसला तर तिथला. पांढरा घट्ट भाग बहुधा नेहमीचा पांढरा द्रव्यभाग असतो. पिवळट भुसभुशीत म्हणजे मेलेला भाग. आणि रक्ताची गुठळी हा तुकडा नव्हे. हे कितीदा सांगावं लागतं ते विचारू नका.

कण एका स्लाइडच्या टोकाजवळ ठेवायचा, दुसरी स्लाइड वरून टेकवायची, अंगठ्याने हलका दाब, आणि एकाच ओढीत सरकवायची. पुढे-मागे घासायचं नाही. ओढ संपते त्याच क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची. इथे दोन-तीन सेकंदही फार होतात. हवेत सुकलेली स्लाइड हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवली की केंद्रकं मोठी आणि फिकट दिसतात, आणि बघणाऱ्याला उगाच कॅन्सरचा भास होतो.

मग हिमॅटॉक्सिलिन साधारण मिनिटभर, नळाचं पाणी, इओसिन पंधरा-वीस सेकंद, चढत्या क्रमाने अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स, कव्हरस्लिप. सगळं मिळून पाच ते दहा मिनिटं. फ्रोझनला वीसेक मिनिटं धरा.

एक स्लाइड मुद्दाम हवेत सुकवून जिम्सा रंगाला ठेवा. लिम्फोमाची (लसिका पेशींच्या कॅन्सरची) शंका असली की तिचा उपयोग होतो.

हिमॅटॉक्सिलिन
@घाटावरचा, तात्यांनी हाताचं सांगितलं, डोळ्याचं मी सांगतो. कोण कुणाला चिकटून राहतं आणि कोण सुटं होतं, हीच स्मिअरमधली माहिती.

ग्लायोमा दाबला की पेशींचे तंतू एकमेकांत गुंतलेले राहतात. मागे कापूस पिंजल्यासारखी जाळी दिसते आणि त्यात केंद्रकं अडकलेली. शरीरातून दुसरीकडून आलेली गाठ असेल तर पेशींचे घट्ट पुंजके, कडा स्पष्ट, मधली जागा स्वच्छ, तंतू नाहीत. लिम्फोमा पूर्ण सुटा होतो, साबुदाणा सांडल्यासारखा: एकेक गोल पेशी, आणि मधे त्यांच्याच फुटक्या पेशीद्रवाचे छोटे निळसर गोळे. ते गोळे जिम्सात दिसतात, म्हणून तात्यांची ती सुकवलेली स्लाइड. पिट्युटरीची गाठ एकसारख्या पेशींच्या सपाट चादरी देते. श्वानोमा (नसेच्या आवरणाची गाठ) तर दाबला तरी पसरतच नाही, रबरासारखा दाटून राहतो. अर्थात त्याला सुईच्या बायोप्सीत कुणी आणत नाही.

म्हणून रचना मोडते हे अर्धंच खरं. कसं मोडतं, त्यातही निदान असतं.

वऱ्हाडी ठेचा
काऊन बाप्पा, शेवई, घावन, चटणी, साबुदाणा... हा धागा पाककृती विभागात हलवा. उपाशीपोटी वाचून राहिलो.

घाटावरचा
=)) हसलो, आणि वाखुसा (वाचनखूण साठवा) पण केली.

सुईदोरा
सर्जनच्या बाजूने. स्मिअर हवा, पण त्याच्या नावाखाली "अजून एक तुकडा द्या, अजून एक द्या" हे चालतं ते नको. सुई मेंदूत असते. लक्षणं देणारा रक्तस्राव थोड्या टक्क्यांत होतो, मृत्यू साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी. हे आकडे लहान वाटतात, पण थॅलॅमससारख्या खोल भागात किंवा ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) रक्तस्राव झाला की त्या माणसापुरता तो शंभर टक्केच.

पहिल्या स्मिअरमध्ये गाठ दिसली की मी थांबतो. पुढचं पॅथॉलॉजिस्टने आहे त्यातून भागवावं.

हिमॅटॉक्सिलिन
इथे असहमत, आणि जोरात. मेंदूच्या गाठींच्या २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणानंतर "आहे त्यातून भागवा" म्हणता येत नाही. प्रौढांतला पसरणारा ग्लायोमा असेल तर आयडीएच, एटीआरएक्स, गरजेप्रमाणे १पी/१९क्यू, टर्ट प्रमोटर, ईजीएफआर, सातव्या-दहाव्या गुणसूत्रातले बदल, आणि उपचारासाठी एमजीएमटी, एवढ्या जनुकांच्या आणि गुणसूत्रांच्या तपासण्या लागतात. मधल्या रेषेतली गाठ असेल तर एच३ के२७. सूक्ष्मदर्शकाखाली शांत दिसणारी, नेक्रोसिस (मेलेला भाग) नसलेली आयडीएच-वाइल्डटाइप (आयडीएच जनुक न बदललेली) ॲस्ट्रोसायटोमाही रेणूंच्या खुणांवरून ग्लायोब्लास्टोमा (सर्वांत उग्र ग्रेडचा ग्लायोमा) ठरते. त्यासाठी डीएनए लागतो, डीएनएसाठी गाठीच्या पेशी लागतात.

दीड तुकड्यात ग्रेड कमी लागून रुग्णाला हलके उपचार मिळाले, तर तोही धोकाच ना? फक्त सीटीत दिसत नाही एवढंच.

सुईदोरा
मान्य, पण मग "अजून तुकडा" म्हणजे काय ते नीट सांगा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सेदान या बायोप्सीच्या सुईच्या बाजूला १० मिमीची खिडकी असते. आत-बाहेर दोन नळ्या. सिरिंजने हलकी ओढ दिली की पेशी खिडकीत येतात, आतली नळी फिरवली की कापल्या जातात. बाहेरची सुई न हलवता खिडकीचं तोंड ९० अंशांनी फिरवत चारही दिशांना एकेक तुकडा घेता येतो. नवीन मार्ग नाही, नवीन छिद्र नाही. यातला धोका वाढतो तो थोडाच. असे चार मी कुरकुर न करता देतो.

दुसरा प्रकार म्हणजे सुई काढून वेगळ्या मार्गाने पुन्हा घालणं. तो प्रत्येक वेळी नवा धोका. ते मी फक्त स्मिअरमध्ये काहीच सापडलं नाही तरच करीन.

आणि सिरिंजची ओढ २ मिलीच्या सिरिंजवर एक-दीड मिलीपेक्षा जास्त नको. जोरात ओढलं की तुकडा चिरडतो आणि शेजारची रक्तवाहिनीही खिडकीत येते. रक्त यायला लागलं तर सुई ओढून काढायची नाही. तीच वाट रक्त बाहेर येण्याची. सलाईनने धुवत, रक्तदाब सांभाळत थांबायचं. बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबतं.

हिमॅटॉक्सिलिन
मग आपलं भांडण मिटलं. एकाच खोलीवरचे चार मला चालतात. वर एक त्याच मार्गावर ५ मिमी अलीकडचा, गाठीच्या कडेचा. मिळाला तर सोनं.

काचपट्टी
हे मला हवं होतं. पण सुई नेमकी गाठीत आहे आणि तरी स्मिअर कोरा येतो, असं का होतं? फ्रेम बरोबर, सीटी बरोबर, आकडे बरोबर.

सुईदोरा
पहिलं कारण इतकं साधं की लाज वाटावी. डोक्याला बसवतात त्या लेक्सेल फ्रेमच्या कमानीचा मध्य म्हणजे टार्गेट. कमानीची त्रिज्या १९० मिमी. सुईचा स्टॉप १९० ला लावला की सुईचं टोक टार्गेटवर येतं. पण तुकडा टोकातून येत नाही, बाजूच्या खिडकीतून येतो, आणि खिडकीचा मध्य टोकाच्या काही मिमी मागे असतो. हा फरक वजा केला नाही तर १ सेंमीच्या गाठीत तुम्ही गाठीच्या वरच्या कडेचा नाहीतर नुसत्या सुजेचा तुकडा घेता. सुईच्या प्रत्येक मॉडेलला तो फरक वेगळा. आदल्या दिवशी फूटपट्टीने मोजा. पेटीवर लिहिलेलं असतं, पण पेटी हरवलेली असते.

दुसरं, टार्गेटची निवड. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या स्कॅनमध्ये रिंगसारखी चमकणारी गाठ असेल तर मध्यावर जाऊ नका, तिथे फक्त मेलेला भाग असतो. चमकणाऱ्या कडेवर जा. अजिबात न चमकणारी गाठ असेल तर परफ्यूजन स्कॅनमध्ये रक्तप्रवाह जास्त दिसतो तिथे, किंवा एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत (पेशींतली रसायनं मोजणाऱ्या स्कॅनमध्ये) कोलीन उंच दिसतं तिथे.

तिसरं, फ्रेमविना नॅव्हिगेशनवर केलं असेल तर रजिस्ट्रेशनची (स्कॅन आणि प्रत्यक्ष डोकं जुळवण्याची) चूक. पडद्यावर १ मिमी दिसते, कपाळाची कातडी सरकलेली असते आणि खोलवर प्रत्यक्षात ती ३-४ मिमी होते.

सिंगापूरकर
रच्याकने (बाय द वे), ५-एएलए हे गाठ चमकवणारं औषध इथे कामाला येतं. शस्त्रक्रियेच्या साधारण तीन तास आधी किलोमागे २० मिग्रॅ तोंडाने. तुकडा बाहेर आला की मायक्रोस्कोपच्या निळ्या प्रकाशात (४०० नॅनोमीटरच्या आसपास) धरायचा. ग्लायोब्लास्टोमा असेल तर गुलाबी-लाल चमकतो. बऱ्याच लिम्फोमांतही चमक येते. काही सेकंदांचं काम, माल खर्ची पडत नाही. पण चमकला नाही म्हणजे गाठ नाही असं नव्हे. लो ग्रेड (कमी उग्र) गाठी सहसा चमकत नाहीत. आणि चमकला म्हणजे कुठली गाठ हे कळत नाही. त्यामुळे स्मिअरच्या ऐवजी नाही, स्मिअरच्या आधी.

प्रवाहमापी
धागाकर्त्याच्या प्रश्नात एक तिसरा पाहुणा राहिला: फ्लो सायटोमेट्री, म्हणजे सुट्या पेशी यंत्रातून एकेक करून मोजणं. दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक नेहमीचा, लिम्फोमासाठी. ताजा कण सलाईनमध्ये किंवा आरपीएमआय माध्यमात (फॉर्मालिनमध्ये नाही, तिथे पेशी मेल्या की खेळ खलास), चाळून पेशी सुट्या करायच्या, सीडी४५, सीडी१९, सीडी२०, कॅपा, लॅम्डा, सीडी३ हे पेशी ओळखायचे मार्कर लावायचे. सगळ्या बी पेशी एकाच हलक्या साखळीच्या (नुसत्या कॅपाच्या किंवा नुसत्या लॅम्डाच्या) निघाल्या की एक-दोन तासांत लिम्फोमाकडे बोट दाखवता येतं, इम्युनो (प्रतिपिंडांनी रंगवलेल्या स्लाइड) रंगायला दोन दिवस लागतात त्याच्या आधी. सुई धुतलेलं सलाईनसुद्धा टाकू नका, त्यातही पुरेशा पेशी असतात. अडचण अशी की मेंदूतल्या लिम्फोमाच्या मोठ्या पेशी नाजूक असतात. नमुना रात्रभर बाकावर राहिला की यंत्राला फक्त कचरा दिसतो आणि रिपोर्ट "असामान्य पेशी आढळल्या नाहीत" असा येतो. त्याचा अर्थ लिम्फोमा नाही असा होत नाही.

दुसरा ओटीतला जलद प्रकार, टोकियोच्या गटाने २०१३ मध्ये ग्लायोमासाठी प्रसिद्ध केला. कण विरघळवून केंद्रकं सुटी करायची, प्रोपिडियम आयोडाइडने डीएनए रंगवायचा आणि नेहमीपेक्षा जास्त डीएनए असलेल्या केंद्रकांचं प्रमाण मोजायचं. दहाएक मिनिटांत आकडा. गाठ आहे की नाही आणि किती उग्र, याला मदत होते. पण लो ग्रेड ग्लायोमातल्या बहुतेक पेशींचा डीएनए नेहमीएवढाच असतो, त्यामुळे लहान आकडा निर्णायक नाही. आणि ती केंद्रकं परत मिळत नाहीत, म्हणजे तो कण गेला.

कोकणातला फणस
एक सामान्य माणसाचा प्रश्न. एवढं डोक्याला भोक पाडण्यापेक्षा पाठीतलं पाणी काढून त्यातल्या पेशी बघितल्या तर?

प्रवाहमापी
चांगला प्रश्न, ओपीडीत नातेवाईक हाच विचारतात. दोन अडथळे.

डोक्यात मोठी गाठ आणि दाब वाढलेला असताना पाठीतलं पाणी काढलं तर वरचा मेंदू खाली सरकून ब्रेनस्टेम दाबला जाऊ शकतो. जीवघेणं. म्हणून आधी स्कॅन, मग निर्णय.

दुसरं, सगळ्या गाठी पाण्यात पेशी सोडत नाहीत. मेंदूच्या आवरणावर पसरलेली गाठ, लिम्फोमा, मेड्युलोब्लास्टोमा, काही जर्म सेल गाठी यांत शक्यता बरी. खोलातला ग्लायोमा जवळजवळ कधीच नाही. पायनियलजवळची गाठ असेल तर रक्तात आणि पाण्यात एएफपी व बीटा-एचसीजी हे जर्म सेल गाठींचे मार्कर आधी बघावेत. ते स्पष्ट वाढलेले असतील तर बायोप्सी टळूही शकते.

पाणी पाठवायचं तर निदान १० मिली पाठवा. २ मिलीत पेशी शोधणं म्हणजे गवतात सुई. आणि तासाभरात लॅबला पोचवा, पाण्यात पेशी झपाट्याने कुजतात. पहिल्यांदा काही सापडलं नाही तर पुन्हा पाठवण्यात अर्थ असतो.

कोकणातला फणस
समजलं. धन्यवाद, इतकं सोपं कुणी सांगत नाही.

डोंबिवली फास्ट
स्टिरॉइडबद्दल कुणीच बोललं नाही! लिम्फोमाची शंका असताना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू केलं की पेशी मरतात, गाठ विरघळते, आणि सुईत येतात फक्त मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) आणि टी पेशी. याला भूत-गाठ म्हणतात ते उगाच नाही.

सुईदोरा
बरोबर, पण यातून "कुणालाच स्टिरॉइड देऊ नका" असा अर्थ काढला जातो तो चूक. रुग्ण बेशुद्धीकडे चालला असेल तर जीव आधी. स्थिर असेल, आणि स्कॅनमध्ये व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला) चिकटून एकसारखी भरीव चमक असेल, तर रोखून धरा आणि बायोप्सी पुढे ढकलू नका, अलीकडे ओढा. दिलंच असेल तर किती मिग्रॅ, किती दिवस, हे फॉर्मवर लिहा.

हिमॅटॉक्सिलिन
फॉर्मवर! हा हा. फॉर्मवर येतं ते असं: "ब्रेन एसओएल." पूर्णविराम. वय नाही, बाजू नाही, स्कॅन नाही, स्टिरॉइड नाही. जागा व्यापणारं काहीतरी आहे हे आम्हालाही कळतं, त्याशिवाय भोक कशाला पाडलंत.

एमआरआय न बघता स्मिअर वाचणं म्हणजे अर्धी माहिती फेकून देणं. माणूस ३५ वर्षांचा, रिंग अर्धवट उघडी, आसपास सूज कमी: स्मिअरमध्ये पेशी कितीही दाट असल्या तरी माझा पहिला विचार डीमायलिनेशनचा (तंतूंचं आवरण नष्ट होण्याचा, म्हणजे गाठ नव्हेच). तिथे मॅक्रोफेज भरपूर असतात. केंद्रक लहान, एका कडेला, पेशीद्रव फेसाळ, कड धारदार. घाईत त्या ग्लायोमाच्या पेशी वाटतात. त्यात भर म्हणजे प्रतिक्रियेत फुगलेल्या काही ॲस्ट्रोसाइटची केंद्रकं तुकड्यांत विखुरलेली दिसतात, क्रॉइट्झफेल्ट पेशी म्हणतात त्यांना, आणि नवखा माणूस त्या मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) म्हणून मोजतो. झाला हाय ग्रेड ग्लायोमा! पुढे रेडिएशन.

ओटीत मॅक्रोफेज दिसले की मी फोनवर शब्द वापरतो: "मॅक्रोफेज जास्त, गाठ म्हणत नाही, अजून एक तुकडा द्या आणि थांबा."

टेक्निशियन तात्या
ऑलिगोचं (ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्लायोमाचा एक प्रकार) पण सांगा सर. रेसिडेंट स्मिअरमध्ये "तळलेलं अंडं" शोधत बसतात.

हिमॅटॉक्सिलिन
हो, ते मजेशीर आहे. ऑलिगोडेंड्रोग्लायोमातला केंद्रकाभोवतीचा पांढरा वलय हा फॉर्मालिन आणि पॅराफिनच्या प्रक्रियेत तयार होतो. ताज्या स्मिअरमध्ये तो नसतो, फ्रोझनमध्येही नसतो. तिथे फक्त गोल, एकसारखी केंद्रकं आणि बारीक रक्तवाहिन्या. अंडं शोधाल तर उपाशी राहाल.

वऱ्हाडी ठेचा
आता अंडं बी आलं. मी काहीच म्हणत नाही.

नवी मुंबईकर
भारतात बसून हा धागा क्षयाशिवाय पूर्ण होत नाही. ट्युबरक्युलोमा (मेंदूतला क्षयाचा गोळा) अगदी गाठीसारखा दिसतो. स्मिअरमध्ये एपिथेलिऑइड पेशी, लांबट, चपलेच्या तळव्यासारखी केंद्रकं, पुंजक्यांनी. लँगहान्स प्रकारच्या बहुकेंद्रकी पेशी. मागे दाणेदार मेलेला भाग. असं दिसलं किंवा नुसता पू दिसला, तर लगेच सांगा, म्हणजे सर्जन पुढचा तुकडा निर्जंतुक बाटलीत सलाईनमध्ये देईल: एएफबी आणि सीबीनॅट (क्षयजंतूंच्या तपासण्या), क्षयाचं कल्चर, साधं कल्चर, बुरशी. फॉर्मालिनमध्ये गेलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही, आणि सगळा माल फॉर्मालिनमध्ये गेल्यावर "संसर्ग वाटतो" असा रिपोर्ट आला तर रुग्ण पुन्हा ओटीत.

बुरशीसाठी एक कण केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये). रुंद, फितीसारखे, पडदे नसलेले धागे म्हणजे म्यूकर. बारीक, पडदे असलेले, टोकदार कोनात फुटणारे म्हणजे ॲस्परजिलससारखे.

काचपट्टी
मूळ मुद्द्याला हेच म्हणत होतो. स्मिअरचं खरं काम रस्ता दाखवण्याचं: हा तुकडा फ्लोला, हा कल्चरला, हे फॉर्मालिनला.

डोंबिवली फास्ट
अवांतर: ही काही नवी फॅशन नाही. कुशिंग आणि लुईझ आयझेनहार्ट यांनी १९३० मध्ये ताज्या पेशी रंगवून मेंदूतल्या गाठी ओळखण्यावर लिहिलं होतं, आणि १९३७ मध्ये डोरोथी रसेल, क्रायेनब्युल आणि केर्न्स यांनी वेट फिल्मची पद्धत मांडली. स्पीगेल आणि वायसिस यांची माणसावरची स्टिरिओटॅक्टिक फ्रेम १९४७ ची, लेक्सेलची १९४९ ची. म्हणजे स्मिअर सुईपेक्षा म्हातारा. आजही बायोप्सीच्या दिवशी क्रायोस्टॅट बंद पडलं की सगळे त्याच म्हाताऱ्याकडे वळतात.

काचपट्टी
आता मूळ प्रश्नाचा उत्तरार्ध, जो मी आधी विचारायला हवा होता. समजा क्रायोस्टॅटच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी न्यूरोसर्जन आहे, सीटी आहे, साधी हिस्टोपॅथॉलॉजी लॅब आहे; फ्लो आणि मॉलिक्युलर बाहेरगावी. फक्त स्मिअरवर बायोप्सी करावी का, आणि पाच तुकडे कसे वाटावेत?

हिमॅटॉक्सिलिन
करावी. वाटणी मी अशी करीन.

पहिल्या तुकड्याच्या एका टोकाचा १ मिमी कण, दोन स्लाइड: एक ओली, एक सुकवलेली. उरलेला तुकडा फॉर्मालिनला, वाया काहीच नाही. गाठ दिसली तर दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचा स्मिअर करू नका, ते पूर्ण फॉर्मालिनला. फक्त सूज किंवा मेलेला भाग दिसला तर प्रत्येक तुकड्याचा कण बघत जा. चौथा तुकडा स्मिअर सांगेल त्याप्रमाणे: सुट्या गोल पेशी असतील तर आरपीएमआयमध्ये, बर्फावर (गोठवू नका), त्याच दिवशी गाडीने, ग्रॅन्युलोमा (वर सांगितलेले एपिथेलिऑइड पेशींचे पुंजके) किंवा पू असेल तर निर्जंतुक बाटली. ग्लायोमाच असेल तर तोही फॉर्मालिनला. पाचवा, तो ५ मिमी अलीकडचा, स्वतंत्र डबीत, खोली लिहून.

टेक्निशियन तात्या
यात लॅबने करायचं मी जोडतो, कारण खरा माल इथेच मरतो.

फॉर्मालिन १० टक्के बफर्ड, तुकड्याच्या दहापट. तुकडे फिल्टर पेपरमध्ये गुंडाळा, नाहीतर प्रोसेसरच्या जाळीतून जातात. त्यावर इओसिनचा एक थेंब, म्हणजे मेणात बसवताना दिसतात. दोन-दोन तुकडे वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये, सगळे एकात नको. एक ब्लॉक बिघडला तरी दुसरा राहतो.

आणि पहिल्याच वेळी ब्लॉक कापताना एक स्लाइड रंगवायची आणि दहा-पंधरा न रंगवलेल्या रिबिनीतून उचलून ठेवायच्या. नंतर इम्युनो लागलं की ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर (पातळ काप घ्यायच्या यंत्रावर) चढतो, तोंड जुळवताना वीस-तीस मायक्रॉन फुकट जातात, आणि दीड मिमीच्या तुकड्यात दोनदा असं झालं की ब्लॉकमध्ये फक्त मेण.

हिमॅटॉक्सिलिन
तात्यांना दंडवत. हा शेवटचा परिच्छेद प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लावावा.

प्रवाहमापी
अजून एक. स्मिअरची रंगवलेली स्लाइड निकामी समजू नका. ब्लॉकमध्ये गाठ संपली असेल तर कव्हरस्लिप काढून स्लाइडवरच्या पेशी खरवडून डीएनए काढता येतो. फॉर्मालिन न लागलेल्या पेशी असल्यामुळे तो बऱ्याचदा ब्लॉकपेक्षा चांगला निघतो. खरवडण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा, कारण नंतर दाखवायला काही राहत नाही.

काचपट्टी
म्हणजे बाहेरगावी ब्लॉक पाठवताना स्मिअरची स्लाइडही सोबत द्यायची?

हिमॅटॉक्सिलिन
द्यायची, पण दोन असतील तर एकच. आणि सोबत एमआरआयची सीडी, ओटीत फोनवर काय सांगितलं होतं त्याची चिठ्ठी, आणि स्टिरॉइडचा हिशेब. "ब्रेन एसओएल" एवढंच लिहून पाठवलंत तर तिकडूनही तसंच उत्तर येईल.

वऱ्हाडी ठेचा
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिक्रिया काढून टाकली आहे. (जेवायला जाऊन राहिलो.)